घरी आयएमटी, लक्ष दुरून: रुग्णाकडून नेमकं काय मागवायचं?

छातीफिजिओ_सांगली
सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या, १४ रुग्णांचं फुप्फुस-पुनर्वसन (देखरेखीखालचा व्यायाम) पुढच्या आठवड्यात संपतंय. त्यानंतर आठ आठवडे घरी श्वास ओढण्याच्या स्नायूंचा व्यायाम, म्हणजे आयएमटी, चालू ठेवायचाय. मंडळी जत, आटपाडी, शिराळ्याच्या बाजूची, त्यामुळे दर आठवड्याला सांगलीला बोलावणं शक्य नाही. सगळ्यांचा एमआयपी, म्हणजे जोराने श्वास ओढून तयार होणारा सर्वाधिक दाब, '६० सेंमी पाणी' या मापाहून कमी आहे, सर्वांत कमी ३८.

हाताशी १० स्प्रिंगवाली थ्रेशोल्ड यंत्रं (पट्टी ४१ पर्यंत), ४ ब्लूटूथवाली इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणि प्रत्येकाला एक बोटाचा ऑक्सिमीटर. बेत असा: सकाळ-संध्याकाळ ३०-३० श्वास, आणि रोज एक गूगल फॉर्म. त्यात किती श्वास झाले, ऑक्सिजन, नाडी, दम किती लागला.

अडतंय ते इथे: रुग्ण समोर नसताना लोड, म्हणजे यंत्रावर लावलेला दाब, कशावरून वाढवायचा? ऑक्सिजन दिवसातून तीनदा मागवतोय, ते जास्त होतंय का? बाकीच्या दहा जणांसाठीही ब्लूटूथवाली यंत्रं घ्यावीत का? आणि दोघंतिघं म्हणतात, "तीन गोळ्यांचं यंत्र कोविडपासून घरात पडलंय, ते चालेल की." त्यांना नेमकं काय सांगता तुम्ही?

दीर्घश्वास
गोळ्यांपासून सुरू करतो, कारण तो घोळ मिटला नाही तर पुढचं सगळं फुकट. तीन गोळ्या साधारण ६००, ९०० आणि १२०० मिली प्रति सेकंद या प्रवाहाला वर जातात. ते यंत्र प्रवाह दाखवतं, स्नायूवर भार टाकत नाही. ऑपरेशननंतर फुप्फुसाचा तळ उघडा राहावा म्हणून ते ठीक. थ्रेशोल्ड यंत्रात ठरवलेला उणा दाब तयार होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडतच नाही, हवा एक थेंबही आत येत नाही. मी रुग्णाला म्हणतो, गोळ्या म्हणजे वजनकाटा आणि हे म्हणजे वजन. काट्यावर उभं राहून दंडाचे स्नायू भरत नाहीत. आणि निम्मे लोक गोळ्यांच्या यंत्रात फुंकतात, ओढत नाहीत. तीच सवय घेऊन ते नव्या यंत्राकडे येतात.

आता फॉर्म. "किती श्वास झाले" हा रकाना काढून टाका असंच म्हणेन. सगळे ३० लिहितात. आठव्या आठवड्याला तुमच्याकडे तीसतीसची सुंदर रांग असेल आणि त्यातून काहीही कळणार नाही. त्याऐवजी "सुरू किती वाजता, संपलं किती वाजता" हे विचारा. ३० श्वास नीट घेतले तर चार-पाच मिनिटं जातात. दीड मिनिटात उरकले असतील तर श्वास उथळ आहेत किंवा माणूस धापा टाकतोय. मग चक्कर, बोटांना मुंग्या, आणि "हे यंत्र मला सोसत नाही" म्हणून पेटीत.

"दम किती लागला" हाही प्रश्न बदला. मराठीत दम लागणे, दमणे आणि दमा इतके जवळजवळ आहेत की त्या रकान्यात माणूस दिवसभराचा थकवा लिहितो, नाहीतर आपला आजार लिहितो. मी असं विचारतो: "शेवटचे पाच श्वास ओढताना जोर किती लावावा लागला? ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही." आपल्याला ४ ते ६ हवेत. धाप किती लागली हा वेगळा प्रश्न, आणि तो व्यायाम संपल्यावर लगेच.

लोड वाढवण्याचा नियम. ज्यांचा एमआयपी ३८ आहे त्यांची सुरुवात ३० टक्क्यांवर, म्हणजे ११-१२ वर. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ५० टक्के, म्हणजे १९. ५४ वाल्याचं तेच १६ वरून २७ वर. मधल्या पायऱ्या तारखेवर नकोत, जोरावर ठेवा: सलग तीन दिवस जोर ४ किंवा कमी, ३० पूर्ण, आणि त्या आठवड्याचा व्हिडिओ ठीक, तर २ सेंमी वर. जोर ७ च्या पुढे गेला किंवा वीसच्या आसपास अडकला तर आधी १०-१० चे तीन भाग, मध्ये एक मिनिट विश्रांती. तरीही जमलं नाही तर २ सेंमी खाली. पहिल्या दोन आठवड्यांत आकडे भराभर चढतात ते बरंचसं शिकण्यामुळे, स्नायू वाढल्यामुळे नव्हे. त्यावर खूश होऊन लोड पळवू नका. याच कारणासाठी सुरुवातीचा एमआयपीसुद्धा एकाच दिवशी मोजून थांबू नका; दुसऱ्या दिवशीचा आकडा बहुतेकदा वर जातो.

व्हिडिओ हा या सगळ्याचा कणा आहे. आठवड्यातून एकदा, दहा श्वासांचा, बाजूने, कमरेपासून डोक्यापर्यंत. व्हिडिओ कॉलवर नको, फोनच्या साध्या कॅमेऱ्यात रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. कॉलमध्ये फोन श्वासाचा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतो, आणि आपल्याला तर तोच आवाज ऐकायचाय. व्हॉल्व्ह उघडल्यावरची फस्स सेकंदभर तरी टिकली पाहिजे. नुसतं टच् होऊन बंद होत असेल तर व्हॉल्व्ह उघडला खरा, पण हवा आत गेलीच नाही. मग लोड जड आहे किंवा माणूस आधी पूर्ण श्वास सोडत नाहीये. ओढण्याचे स्नायू फुप्फुस रिकामं असताना सर्वांत ताकदवान असतात आणि भरत जाईल तसे दुबळे होतात. स्प्रिंगचा भार मात्र शेवटपर्यंत तेवढाच राहतो. म्हणून अर्धवट सोडून ओढणाऱ्याचा श्वास मध्येच तुटतो.

दुसरी गोष्ट गाल. गाल आत ओढले जात असतील तर दाब तोंडाचा आहे, छातीचा नाही. "शहाळं स्ट्रॉने पिता तसं" हे उदाहरण कृपया कोणी देऊ नका. गालाने ओढायला आपणच शिकवतो मग. "दचकल्यावर एकदम श्वास आत जातो तसा" असं म्हटलं की पहिल्या फटक्यात जमतं. नाकाला क्लिप, पाठ टेकायची नाही, ओठ घट्ट, सोडताना सावकाश.

स्प्रिंग_आणि_व्हॉल्व्ह
यंत्राच्या बाजूने थोडं.

स्प्रिंगवाल्या यंत्राचा खरा लोड तुम्ही क्लिनिकमध्येच तपासू शकता. सेंमी पाणी म्हणजे अक्षरशः पाण्याच्या स्तंभाची उंची. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी दीड मीटर घ्या, फळीवर यू आकारात ठोका, मध्ये मोजपट्टी, आणि दोन्ही बाजूंना निम्म्यापर्यंत शाईचं पाणी. दोन भोकांचं रबरी बूच शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. ते माउथपीसमध्ये घट्ट बसवा, एका भोकातून नळीचं टोक, दुसऱ्यातून ५० मिलीची सिरिंज. नळीचं दुसरं टोक उघडंच. पट्टी २० वर लावून दट्ट्या हळू ओढा. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाढत जाईल आणि एका जागी थबकेल, दट्ट्या सरकत राहिला तरी. तो फरक म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब. लक्षात घ्या, २० चा फरक म्हणजे एका बाजूला १० वर, दुसरीकडे १० खाली. एकाच बाजूची उंची वाचली तर निम्मा आकडा येतो. दट्ट्या थांबवल्यावर पाणी त्याच जागी उभं राहायला हवं. घसरत शून्याकडे गेलं तर श्वास सोडण्याच्या बाजूचं रबरी पाळं (पातळ झडप) नीट बसत नाहीये किंवा बूच गळतंय. हा जुगाड फक्त सिरिंजने वापरायचा, रुग्णाच्या तोंडाला कधीच लावायचा नाही. जोरात ओढलं तर पाणी थेट आत येईल.

घरी गेल्यावर बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार पाळ्यावर बसतात, पाळं चिकटतं, आणि रुग्ण कळवतो की लोड अचानक वाढला. धुवायला कोमट पाणी आणि थोडा साबण, शेवटचं खंगाळणं गाळलेल्या पिण्याच्या पाण्याने, झटकून सावलीत सुकवायचं. उकळायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, आणि घरातल्या दुसऱ्याने वापरायचं नाही.

पट्टीवरची खूण पिशवीत घासून किंवा नातवंडांनी फिरवून सरकते. दर सोमवारी यंत्राचा फोटो मागवा, पट्टी डोळ्यासमोर सरळ धरून. वरून काढलेल्या फोटोत एक-दोन सेंमी फरक सहज दिसतो. माझ्या मते रोजच्या फॉर्मपेक्षा हा एक फोटो मोलाचा.

ब्लूटूथवाली सगळ्यांसाठी घेऊ नका. ती श्वासागणिक दाब आणि घेतलेली हवा दाखवतात, आणि काहींत श्वास भरत जाईल तसा भार उतरत जातो, त्यामुळे श्वास तुटत नाही. हे फायदे खरे. पण फोन घरातल्या एकाचाच असतो आणि तो मुलाबरोबर कामावर जातो. मग दिवसभराची सत्रं रात्री नऊला एकदम चढतात, आणि ॲपने चढवण्याचीच वेळ धरली तर सकाळचं सत्र बुडाल्यासारखं दिसतं. ॲप यंत्राची वेळ घेतं की फोनची, हे वाटपाआधी स्वतः एक सत्र करून बघा: फोन बंद ठेवून व्यायाम, तीन तासांनी जोडणी, मग नोंद पाहा. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशन चालू नसेल तर ब्लूटूथ यंत्र सापडतच नाही. अँड्रॉइड १२ पासून पुढे जवळपासच्या उपकरणांची वेगळी परवानगी द्यावी लागते. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये ते ॲप वगळलं नाही तर फोन त्याला मध्येच झोपवतो.

आणि एखाद्या दिवशी ताकद अचानक दीडपट झाली तर आनंद मानण्याआधी नातू घरी आलाय का ते विचारा.

शेवटचं: या ब्लूटूथ यंत्रांवरचा एस-इंडेक्स, म्हणजे ओढण्याच्या ताकदीचा आकडा, हवा वाहत असताना मोजलेला असतो. तुमचा एमआयपी बंद नळीवरचा, किमान एक सेकंद टिकवलेला. दोन्ही एका तक्त्यात, एका नावाखाली लिहू नका. सुरुवात ज्याने केली, शेवटही त्यानेच मोजा.

एक्सरे_वाचक
आधी यंत्र कोणाला द्यायचं नाही ते. अलीकडे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठणं) झालेला, मोठे बुल्ले (फुप्फुसातले हवेचे फुगे) असलेला, थुंकीतून रक्त येणारा, बरगडी मोडलेली, कानाचा पडदा फाटलेला, छाती-पोटाचं ताजं ऑपरेशन, अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), किंवा दम्याचा झटका येऊनही ज्याला त्याची जाणीव कमी होते असा रुग्ण. १४ जणांचे जुने एक्सरे पुन्हा एकदा समोर ठेवून बघा. बुल्ले अहवालाच्या शेवटच्या ओळीत लपलेले असतात. सर्दी किंवा सायनस भरलेले असतील तर बरं होईपर्यंत थांबायचं, कानावर दाब येतो.

ऑक्सिजन दिवसातून तीनदा नको. पहिले दोन आठवडे रोज एका सत्राच्या आधी आणि संपल्यावर एक मिनिटाने, पुढे आठवड्यातून दोनदा. व्यायामादरम्यान आकडा एखाद-दोनने वाढलेला दिसेल, श्वास खोल झाल्यामुळे. त्याचं कौतुक नको, काळजीही नको. खाली येणं महत्त्वाचं: सुरुवातीपेक्षा ४ ने घसरला, किंवा दोन-तीन मिनिटं बसूनही ८८ च्या खाली राहिला, तर त्या दिवशीचा व्यायाम बंद आणि फोन. मर्यादा प्रत्येकाची वेगळी लावा. ज्याचा नेहमीचाच आकडा ९० आहे त्याला ९२ ची घंटा लावली तर ती रोज वाजेल, आणि चौथ्या दिवसापासून तुमच्याकडे ती कोणी बघणार नाही.

बोटाची मेंदी आणि नेलपॉलिश दोन्ही घात करतात. थंडीत हात चोळून गरम करायचे, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्यायचा, हात टेकलेला. शिवाय सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो; २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकी आकडेवारीनंतर याची बरीच चर्चा झाली. म्हणून ९० दिसतंय पण माणूस नेहमीसारखा बोलत नाहीये, वाक्य तोडतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

एक कटू गोष्टही सांगतो. २०१८ मध्ये थोरॅक्स या छातीरोगांच्या नियतकालिकात २१९ सीओपीडी रुग्णांचा अभ्यास आला, सगळे दुबळ्या श्वास-स्नायूंचे. पुनर्वसनाला आयएमटी जोडल्यावर स्नायूंची ताकद आणि सायकलवर टिकण्याचा वेळ वाढला, पण सहा मिनिटांच्या चालीत जादा फायदा दिसला नाही. म्हणजे आठ आठवड्यांनी चालीवरून यश मोजायला गेलात तर निराश व्हाल. त्याहून मोठा धोका असा की यंत्र मिळाल्यावर रुग्ण चालणं सोडतो, "मशीन केलं की" म्हणून. फॉर्ममध्ये "आज किती मिनिटं चाललात" हा प्रश्न हवाच. माझ्यालेखी तो यंत्राच्या प्रश्नाच्या वर हवा.

आणि फॉर्म न येणं हीसुद्धा नोंदच आहे. आजार बळावतो तेव्हा माणूस पहिल्यांदा फॉर्म भरणं सोडतो. दोन दिवस शांतता असेल तर तिसऱ्या दिवशी फोन करून बेडक्याचा रंग बदलला का, पंप नेहमीपेक्षा जास्त लागतोय का, रात्री उठून बसावं लागतं का, हे विचारा. आजार असा बळावून गेल्यावर आधीच्या लोडच्या निम्म्यावरून पुन्हा सुरुवात.

फॉर्म कोण, किती वाजता बघणार हे कागदावर लिहून रुग्णाला द्या, उदाहरणार्थ सोमवार ते शनिवार सकाळी १० ते ११. खाली ठळक: हा फॉर्म तातडीसाठी नाही, छातीत दुखलं किंवा बोलता येईना तर १०८.

एडिसनकर
न्यू जर्सीहून एक छोटी भर. इथे २०२२ पासून दूरस्थ उपचार-निरीक्षणासाठी स्वतंत्र बिलिंग कोड आले, श्वसनाच्या उपकरणांसाठी ९८९७६. सुरुवातीची अट अशी की ३० दिवसांत किमान १६ दिवसांची नोंद हवी. परिणाम काय, तर ॲप, आठवणीचे मेसेज, सगळं त्या सोळा दिवसांभोवती रचलं गेलं. नोंद आली की दिवस मोजला. श्वास कसा होता याला बिलात जागा नाही. तुमच्याकडे ही अट नाही, तर "दिवस भरले का" हे मोजमाप उगाच उसनं घेऊ नका.

अजून एक: रुग्णांचा एकच व्हॉट्सअ‍ॅप गट करू नका. सगळ्यांना एकमेकांचे नंबर आणि व्हिडिओ दिसतात. प्रत्येकाशी वेगळं बोला, व्हिडिओ कोण बघणार आणि कधी पुसणार यासह लेखी संमती घ्या. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तिकडे आहेच.

छातीफिजिओ_सांगली
सगळ्यांचे आभार. फॉर्म पुन्हा बसवला: चाललेली मिनिटं, सुरू-संपलं वेळ, शेवटच्या पाच श्वासांचा जोर, संपल्यावरची धाप, आणि "आज काही वेगळं वाटलं का" ही एक मोकळी जागा. ऑक्सिजनचा रकाना ठरलेल्या दिवशीच. सोमवारी पट्टीचा फोटो, गुरुवारी व्हिडिओ. चारही ब्लूटूथ यंत्रं ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे अशांनाच.

यू-नळीवर दहाही यंत्रं तपासली. आठ ठीक. एक २० ला १७ वर उघडतंय, एक थेट शून्याला घसरतंय. १७ वालं देऊ का?

दीर्घश्वास
द्या, पण दुसरी तपासणी ३० वर करा. तिथेही ३ च कमी आला तर फरक ठरीव आहे; यंत्रावर टेप लावून "३ जास्त लावा" लिहा आणि त्या रुग्णाचं यंत्र शेवटपर्यंत बदलू नका. ३० ला ७-८ ने कमी येत असेल तर स्प्रिंग बसलीय, ते बाजूला ठेवा. घसरणाऱ्याचं पाळं काढून उलटं-सुलटं बघा, बहुतेक वेळा कडेला केस किंवा धागा असतो.

गुरुवारचा व्हिडिओ मात्र शनिवारी ठेवा. त्या भागातली मुलं पुण्याहून शनिवारी घरी येतात, धरायला कोणीतरी असतं.